वेग वाढवला की होडी नाक आपटते : छोट्या मशीनच्या होडीचं काय करावं?

वाशिष्ठीकाठ (रविवार, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी,

पावसाळा सरल्यावर मी एक जुनी फायबरची होडी घेतली. सोळा फुटी आहे, मागे ४० हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन. चाक नाही, मागे बसून हँडल धरूनच चालवायची. आमचं घर वाशिष्ठीच्या काठी, गोवळकोट आणि दाभोळच्या मधल्या टापूत. रस्त्याने दाभोळला जायचं तर डोंगर चढा, डोंगर उतरा. खाडीने सरळ वाट आहे, म्हणून होडी घेतली.

अर्ध्या थ्रॉटलपर्यंत काही तक्रार नाही. त्यापुढे गेलं की नाक वर उठतं, धप्पकन पाण्यावर आपटतं, परत उठतं. खाडी आरशासारखी शांत असली तरी हेच, त्यामुळे हा लाटांचा प्रकार नव्हे. थ्रॉटल कमी केला की थांबतं, वाढवला की पुन्हा सुरू. दुसरं, जोरात वळण घेतलं की मशीन एकदम किंचाळतं आणि होडी जागच्या जागी बसते. तिसरं, हँडल सतत एका बाजूला ओढ खातं. दाभोळला पोचेपर्यंत दंड भरून येतो.

फुल थ्रॉटलला मोबाइलवर ३८ किमी वेग दिसतो, पण असा आपटत आपटत. एका दुकानदाराने सांगितलं, मशीन बदला, ६० चं घ्या. दुसऱ्याने मशीनच्या शेपटाला लावायचे प्लास्टिकचे पंख दाखवले. खर्च करण्याआधी म्हटलं जाणत्यांना विचारावं. पाठ मोडायची वेळ आली आहे, आणि होडीवर जीव जडलाय तो वेगळाच.

कुतूहल (रविवार, रात्री १०:०५)

होडीतलं मला ओ की ठो कळत नाही, पण धागा वाचतोय. असली नाक आपटणारी होडी अलिबागला अनुभवली आहे, तेव्हा वाटलं होतं समुद्रच खवळलाय.

मशीनमिस्त्री (रविवार, रात्री १०:३०)

६० चं मशीन अजिबात घेऊ नका. मागचं वजन वाढेल आणि हाच त्रास दुप्पट होईल. शिवाय तुमच्या होडीची मागची फळी, जिच्यावर मशीन लटकतं, ती ४० साठी बांधलेली असेल तर ती ६० ला पुरेल याची खात्री कोण देणार?

आधी एवढं सांगा :
मशीन कलतं करायची जी आडवी पिन असते ती कितव्या भोकात आहे?
बॅटरी आणि पेट्रोलची टाकी कुठे आहे?
पंख्यावर (प्रोपेलरवर) कोरलेले आकडे काय आहेत?
आणि पंख्याच्या वरची आडवी प्लेट होडीच्या तळाच्या किती खाली किंवा वर येते? हे डोळ्याने ठरवू नका, पट्टी लावून मोजा.

नाखवा_हर्णै (सोमवार, सकाळी ६:१५)

वाशिष्ठीकाठ, तुमची होडी उलाळ आहे.

बैलगाडीत माल मागे जास्त भरला की धुरा वर उठतो आणि गाडी उलाळ होते, हे कोकणात कोणालाही सांगावं लागत नाही. होडीचं तेच. उभी असताना कळत नाही, कारण तेव्हा अख्खा तळ पाण्यात असतो. वेग घेतला की होडी पाण्यावर उठते आणि तळाचा मागचा थोडासाच भाग पाण्याला टेकून राहतो. वजन त्या टेकूच्या मागे सरकलं तर नाक वर जाणारच. वर गेलं की तळाखालचा रेटा कमी होतो आणि नाक पडतं. पडलं की पाणी पुन्हा वर ढकलतं. मग चाललंय झोपाळ्यासारखं.

आमच्या वेळी शिडाच्या होडीत दगड भरून तोल साधायचो. वडील एकेक दगड हाताने सरकवत, मग नाळेकडून, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडून, पाण्याची रेघ बघत. मशीन आलं तसं ते बघणं गेलं. माझी विनंती आहे, एक पैसा खर्च करायच्या आधी वजनं पुढे सरकवून बघा.

देवबागची_लाट (सोमवार, सकाळी ८:५०)

नाखवा, +१. आमच्या दोन होड्या कर्ली नदीत पर्यटकांना घेऊन फिरतात. एकदा सासरेबुवा सोबत होते, वजन ९५ किलो. मागे बसून गप्पा मारत होते तोवर होडी नुसती उड्या मारत होती. डॉल्फिन दिसला म्हणून उठून पुढे गेले आणि होडी एकदम गुळगुळीत पळायला लागली. तेव्हापासून आमच्याकडे त्यांची पुढची जागा राखीव आहे, आणि त्यांनाही तिथला वारा आवडतो.

वाशिष्ठीकाठ (सोमवार, रात्री ८:२०)

सगळ्यांचे मनापासून आभार. उत्तरं देतो.

पिन पाच भोकांपैकी मागून दुसऱ्या, म्हणजे मशीन बरंच बाहेर कललेलं. बॅटरी आणि २५ लिटरची टाकी दोन्ही मागे, माझ्या पायाशी. मी स्वतः ७८ किलो, तोही मागेच. मित्र मधल्या फळीवर बसतो. पंख्यावर १३ पिच लिहिलंय.

प्लेट : होडी लाकडी ओंडक्यांवर घेतली, कण्याच्या शेजारी तळाला सरळ ॲल्युमिनियमची पट्टी टेकवली आणि मागे मशीनपर्यंत नेली. प्लेट पट्टीच्या अडीच इंच खाली आहे. मागच्या फळीची उंची साडेसतरा इंच भरली.

मशीनमिस्त्री (सोमवार, रात्री ९:१०)

झालं, अर्धं दुखणं सापडलं.

मशीनं साधारणपणे १५ इंची किंवा २० इंची फळीसाठी येतात, शॉर्ट शाफ्ट आणि लाँग शाफ्ट. तुमचं मशीन २० चं आणि फळी साडेसतराची. इथल्या बऱ्याच फायबर होड्यांची फळी अशी अधल्यामधल्या मापाची असते, बांधणारा जे मशीन समोर असेल त्याच्या अंदाजाने ती कापतो. आता मशीन अडीच इंच जास्त बुडतंय. त्यामुळे ओढ वाढते, मागून कारंजं उडतं, वेग खातो. प्लेट तळाच्या बरोबरीने किंवा जेमतेम अर्धा-पाऊण इंच वर आणून सुरुवात करा.

पण आज नाही. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक बदलानंतर त्याच टापूत, तेवढ्याच माणसांनिशी चालवून आकडे लिहा. तीन गोष्टी एकदम केल्या तर कशाने फरक पडला ते कधीच कळणार नाही.

क्रम असा ठेवा : पिन एक भोक आत, मग वजनं पुढे, मग मशीनची उंची, आणि सगळ्यात शेवटी पंखा.

मांडवीपार (सोमवार, रात्री ११:००)

एवढं सगळं कशाला? मी ते प्लास्टिकचे पंख प्लेटला लावले, एका दुपारचं काम. होडी लवकर पाण्यावर उठते, कमी वेगातही वर टिकते, उड्या बंद. दोन वर्षं मांडवीत वापरतोय, मला पटले.

फायबरवाला (मंगळवार, सकाळी ७:४५)

मांडवीपार, तुमचा अनुभव खोटा नाही, पण पंख दुखणं दाबतात, बरं करत नाहीत. ते मागून वर रेटा देतात म्हणून नाक खाली राहतं. जड माणसं मागे बसणार असतील आणि दुसरा इलाज नसेल तर ठीक आहे. पण पूर्ण वेगात तोच रेटा नाक जास्त दाबतो, वळणात पंखाची एक बाजू पाण्यात घुसते आणि हँडलला हिसका बसतो. शिवाय बहुतेक पंखांसाठी प्लेटला भोकं पाडावी लागतात. ती परत सहज बुजवता येत नाहीत.

वाशिष्ठीकाठ, माझा एक प्रश्न आहे. पावसाळ्यात ही होडी कशावर ठेवली होती? आमच्याकडे जून-जुलैत सगळ्या होड्या वर काढतात. बऱ्याचदा दोन माडाचे ओंडके टाकतात, एक पुढे आणि एक मागून तीन फुटांवर. मशीन मात्र मागच्या फळीवर तसंच लटकत ठेवतात. फायबर हळूहळू वाकतं. ओंडका तळात वर दाबला जातो आणि मागचं टोक खाली झुकतं. तळाला मागे असा खाली वळलेला बाक आला की होडी कायम नाक खाली घालून पळते आणि मागून लाट आली की भलतीकडे वळते. उलट, तळ मागच्या टोकाकडे वर उचललेला असेल तर होडी उड्या मारते. तीच सरळ पट्टी तळाच्या मागच्या पाच फुटांना लावा, कण्याच्या दोन्ही बाजूंना, आणि फटीतून उजेड दिसतो का बघा.

वाशिष्ठीकाठ (मंगळवार, रात्री ९:३०)

बघितलं. टॉर्च आत धरून दोघांनी पाहिलं. उजवीकडे कागद जाईल एवढी फट, डावीकडे काहीच नाही. तळ सरळ आहे, जीव भांड्यात पडला.

पण वेगळंच सापडलं. होडी ओंडक्यांवर कललेली होती आणि मागून सारखं पाणी झिरपत होतं. पायाखालच्या फळीच्या खाली जी पोकळी आहे तिची मागची दोन भोकं चिखलाने गच्च बुजली होती. सायकलच्या तारेने मोकळी केली. आधी काळा गाळ आला, मग कुजका वास, मग पाणीच पाणी. बादलीत धरत गेलो, १५ लिटरच्या चार बादल्या भरल्या आणि पाचवी अर्धी. शेवटी एक बोटाच्या पेराएवढा खेकडाही बाहेर आला आणि तिरका चालत खाजणात निघून गेला.

म्हणजे ६५ किलोंच्या वर पाणी मी महिनोन् महिने पेट्रोल जाळून फिरवत होतो!

नाखवा_हर्णै (मंगळवार, रात्री ९:५०)

आणि ते पाणी नुसतं वजन नव्हे, पळणारं वजन. नाक उठलं की सगळं मागे धावतं, पडलं की पुढे धावतं. उडीला तेच जोर देत होतं.

फायबरवाला (बुधवार, सकाळी ७:३०)

आता मागची फळीही तपासा. फायबरच्या आत प्लायवूड असतं, पाणी शिरलं की ते सडतं आणि बाहेरून काही दिसत नाही. छोट्या हातोडीच्या लाकडी दांड्याने इंचाइंचावर वाजवा. टण्ण वाजलं तर चांगलं, थप्प वाजलं तर आत ओल. मशीनचं डोकं धरून वर-खाली हलवा, फळी लवते का बघा. फळी लवत असेल तर बाकी सगळी मापं व्यर्थ, कारण पळताना मशीनचा कोन दर क्षणाला बदलतो.

गॅल्व्हस्टनकर (बुधवार, सकाळी ९:१५)

मी मूळचा रत्नागिरीचा, आता टेक्सासमध्ये गॅल्व्हस्टनच्या खाडीत सतरा फुटी होडी चालवतो. धागा वाचून घरची खाडी आठवली.

एक हिशोब देतो. स्पार्क प्लगच्या वायरीला गुंडाळायचा छोटा आरपीएम (मिनिटाला किती फेरे) मीटर मिळतो, तो घ्या. १३ पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात, घन पदार्थात स्क्रू फिरावा तसा, १३ इंच पुढे जायला हवा. गिअर २ ला १ धरला आणि मशीन ५००० वर असेल तर पंखा मिनिटाला २५०० फेरे मारतो. ते होतात ताशी ४९.५ किमी. तुम्हाला मिळतात ३८. म्हणजे २३ टक्के वेग घसरतोय. थोडी घसरण व्हायलाच हवी, तिच्याशिवाय रेटा मिळत नाही, पण एवढी जास्त आहे. तुमच्या मशीनचा खरा गिअर पुस्तकात बघा आणि बदल करताना हा टक्का उतरतो का ते पाहत जा. नुसत्या वेगापेक्षा हा आकडा जास्त बोलका आहे.

कुतूहल (बुधवार, सकाळी ९:४०)

वळणावर मशीन किंचाळतं त्यालाच कॅव्हिटेशन म्हणतात ना?

गॅल्व्हस्टनकर (बुधवार, सकाळी १०:००)

सगळे तसंच म्हणतात, पण ते वेगळं. पंख्याच्या पात्याच्या पाठीवर दाब इतका उतरतो की तिथलं पाणी गार असूनही उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात आणि फुटताना पात्याला खड्डे पाडतात. ते कॅव्हिटेशन. वळणावर जे होतं ते व्हेंटिलेशन : वरची हवा किंवा मशीनचा धूर पंख्यात ओढला जातो, पंख्याला पाण्याऐवजी फेस मिळतो आणि मशीन मोकळं होऊन पळतं. प्लेट त्यासाठीच असते, हवा खाली येऊ नये म्हणून.

मशीनमिस्त्री (बुधवार, सकाळी १०:२०)

बरोबर. पण मला इथे गंमत वाटते. प्लेट अडीच इंच खोल असूनही पंखा हवा घेतोय, म्हणजे हवा वरून नाही, पुढून येत असणार. होडीच्या तळाला मधोमध कणा आहे असं म्हणालात. तो मागे कुठपर्यंत येतो? फोटो टाका.

खारफुटी (बुधवार, दुपारी १:१५)

मंडळी, मधेच बोलतो, राग मानू नका. मी याच खाडीत छोट्या होडक्यातून मासे धरतो. वेगाच्या होड्या जवळून गेल्या की लाटेने माझं होडकं अर्धं भरतं. एकदा जाळं वाचवायला उठलो आणि पाण्यात पडलो. किनाऱ्याची माती ढासळते, खारफुटीची नवी रोपं उपटून जातात. वाशिष्ठीत मगरी चिखलावर उन्हाला पडतात त्याही बिथरून पाण्यात उड्या टाकतात. होडी नीट चालावी हे मान्यच आहे. पण आम्ही दिसलो की हळू व्हा, एवढं मागणं आहे.

वाशिष्ठीकाठ (बुधवार, सायंकाळी ७:००)

खारफुटी, राग कसला. तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं आहे आणि याआधी माझ्याकडूनही असं झालं असणार, त्याबद्दल क्षमा मागतो. एक विचारतो : हळू म्हणजे किती हळू?

खारफुटी (बुधवार, सायंकाळी ७:४०)

विचारलंत यातच आलं. अर्धवट हळू होऊ नका, तेव्हा लाट सगळ्यात मोठी उठते. होडी पाण्यावरून खाली बसते आणि मागून डोंगर येतो. एकतर लांबून, पात्राच्या मधून जा, नाहीतर माणूस चालेल इतक्या वेगावर पूर्ण उतरा. आणि काठाने वाणे (जाळ्याचे खांब) रोवलेले दिसले की तिथे जाळं आहे असं समजा.

देवबागची_लाट (बुधवार, रात्री ८:१०)

खारफुटीदादांनी मुद्द्याचं सांगितलं. आमच्या पोरांनाही हेच शिकवतो. थ्रॉटल लवकर सोडा, होडकं शेजारी आल्यावर नव्हे.

वाशिष्ठीकाठ (शुक्रवार, रात्री ९:१५)

आजचे आकडे. मित्र सोबत, टाकी अर्धी, भरती संपून पाणी थांबलेलं, दोन्ही दिशांना पळवून सरासरी काढली.

फक्त पाणी काढलं : ३९ किमी, उड्या आहेत पण उशिरा सुरू होतात.
पिन एक भोक आत : ३९ च, उड्या पुष्कळ कमी.
बॅटरी आणि टाकी मधल्या फळीच्या पुढे : ४१ किमी. उड्या फक्त अगदी पूर्ण थ्रॉटलला.

मागची फळी वाजवून पाहिली, सगळीकडे टण्ण. कण्याचा फोटो टाकतोय. साधारण दोन इंच जाड आणि तेवढाच उंच, थेट मागच्या फळीपर्यंत आणि तिथे चौकोनी कापलेला.

मशीनमिस्त्री (शुक्रवार, रात्री ९:४०)

हाच चोर! चौकोनी कापलेल्या कण्यामागे पाणी भरून यायला वेळ लागतो. तिथे हवेचा आणि फेसाचा पट्टा तयार होतो आणि तो सरळ पंख्यावर येतो. वळताना होडी कलते, तेव्हा तर जास्तच. मशीन वर उचललं की हा त्रास आणखी वाढेल, म्हणून आधी कणा बघा. शेवटच्या दीड फुटात तो हळूहळू उतरता करून तळाशी मिळवायचा.

फायबरवाला (शनिवार, सकाळी ८:००)

सहमत, पण ग्राइंडर घेऊन स्वतः सुटू नका. काही होड्यांत कणा पोकळ असतो, काहींत आत लाकूड. घासून आत उघडा पडला तर पाणी शिरणार. घासायचं, मग वरून मॅट (फायबरचं कापड) आणि रेझिनचे निदान दोन थर, मग जेलकोट, म्हणजे बाहेरचा गुळगुळीत थर. दोन दिवसांचं काम, आणि होडी पूर्ण सुकलेली हवी. जवळच्या फायबर कारागिराकडूनच करून घ्या.

मांडवीपार (शनिवार, सकाळी ११:३०)

कणा कापला तर होडी वाळूवर ओढताना तळ घासेल, आणि सरळ चालायचं बळही जाईल. मी तरी कापणार नाही.

फायबरवाला (शनिवार, दुपारी १२:१०)

शंका रास्त आहे. म्हणून फक्त शेवटचा दीड फूट. पुढचा चौदा फूट कणा तसाच राहतो, ओढतानाचा घास तोच खातो.

नाखवा_हर्णै (शनिवार, संध्याकाळी ६:००)

एक सांगायचं राहिलं आणि ते मला महत्त्वाचं वाटतं. पिन आत घेतली, वजन पुढे नेलं, की खाडीत होडी मजेत पळते. तीच होडी घेऊन दाभोळच्या मुखाबाहेर गेलात तर सावध राहा. ओहोटीचं पाणी बाहेर निघालेलं आणि समोरून खारा वारा असला की मुखावर उभ्या लाटा उठतात. परत येताना लाट मागून येते. नाक जड असेल तर होडी पुढच्या लाटेत नाक खुपसते आणि शेपूट बाजूला फिरतं, होडी आडवी होते. तिथे वेग उतरवा, पुढच्या माणसाला मध्ये घ्या, आणि लाटेच्या पाठीवर राहा, तिच्यापुढे पळू नका. माझ्या चुलतभावाची होडी अशीच आडवी झाली होती. माणसं वाचली, जाळी गेली.

कुतूहल (शनिवार, संध्याकाळी ६:२५)

नाखवा, अंगावर काटा आला. लिहीत राहा.

पनवेलकर (रविवार, सकाळी १०:००)

सगळ्यात जड वस्तू विसरलात : चालवणारा माणूस. मी हँडलला दोन फुटांचा पाइप जोडून लांब केलं आणि मधल्या फळीच्या जवळ बसतो. माझं ८४ किलो वजन तीन फूट पुढे आलं. मशीनला हात न लावता उड्या संपल्या.

मशीनमिस्त्री (रविवार, सकाळी १०:३०)

युक्ती चांगली, पण ४० च्या मशीनला साधा पीव्हीसी पाइप नको. थ्रॉटलच्या मुठीवर तो घसरला तर मशीन पूर्ण वेगात आणि तुमचा हात रिकामा. मुठीवर क्लॅम्पने घट्ट बसणारं तयार एक्स्टेन्शन घ्या. आणि मशीन बंद करणारी लाल दोरी मनगटाला किंवा लाइफ जॅकेटला अडकवल्याशिवाय निघूच नका. उडी मारणाऱ्या होडीतून चालवणारा बाहेर फेकला गेला तर रिकामी होडी गोल फिरत त्याच्याच अंगावर येते.

पनवेलकर (रविवार, सकाळी १०:५०)

पटलं. क्लॅम्पवालं मागवतो. दोरी मी लावत नव्हतो, खरं सांगतो. आजपासून लावेन.

देवबागची_लाट (रविवार, सकाळी ११:२०)

टाकी पुढे नेलेल्यांसाठी : पेट्रोलची नळी लांब होते, तर चांगल्या प्रतीची एकसंध नळी घ्या, तुकडे जोडू नका. दाबायचा रबरी फुगा मशीनजवळच ठेवा. आणि बॅटरी व टाकी एकाच बंद कप्प्यात कधीच ठेवायची नाही. ठिणगी उडायला एक सैल वायर पुरते.

वाशिष्ठीकाठ (रविवार, दुपारी १२:००)

बॅटरी डावीकडे उघड्यावर पट्ट्याने बांधली आहे, टाकी उजवीकडे. नळी आजच बदलतो, जुन्या नळीला जोड आहे.

हँडलच्या ओढीचं काय करावं?

मशीनमिस्त्री (रविवार, दुपारी १२:३०)

प्लेटच्या खाली, पंख्याच्या मागे एक माशाच्या परासारखा छोटा तुकडा असतो, एका बोल्टवर. होडी ज्या बाजूला ओढत असेल त्याच बाजूला त्याचं मागचं टोक थोडंसं वळवा. उजवीकडे ओढते तर टोक उजवीकडे. एका वेळी जेमतेम दोन-तीन मिलिमीटर. आणि त्याला रंग देऊ नका. बऱ्याच मशीनवर तोच गंजापासून बाकी धातू वाचवणारा झिंकचा तुकडा असतो, रंग दिला की त्याचं काम बंद.

वाशिष्ठीकाठ (पुढच्या शनिवारी, रात्री ८:४५)

मंडळी, आज होडी पाण्यात उतरली.

कणा चिपळूणच्या कारागिराने उतरता करून दिला. आत भरीव लाकूड निघालं, सुकं होतं. मशीनखाली सागवानी पट्टी घालून दोन इंच वर घेतलं, मागच्या फळीतून आरपार बोल्ट टाकले आणि भोकं सीलंटने भरली. प्लेट आता तळाच्या अर्धा इंच खाली आहे. आणखी वर न्यायचा मोह झाला, पण पाणी ओढणारी भोकं वर राहिली तर मशीन तापेल म्हणून थांबलो. थंडाव्याच्या पाण्याची धार मागून जोरात पडते आहे ना, हे दर फेरीला बघतो.

आकडे : मशीन ५३००, वेग ४३ किमी. गिअर पुस्तकात पाहिला, माझ्या मशीनचा २ ला १ च आहे, आणि फुल थ्रॉटलची मर्यादा ४५०० ते ५५००. गॅल्व्हस्टनकरांच्या हिशोबाने ५२.५ व्हायला हवा होता, म्हणजे घसरण १८ टक्के. उड्या नाहीत. एकदाही नाही. मित्राने पुढच्या फळीवर स्टीलचा पेला अर्धा पाण्याने भरून ठेवला होता. पाणी नुसतं थरथरत होतं, सांडलं नाही. वळणावर मशीन एकदा हलकंसं मोकळं झालं, तेही मी वळण मुद्दाम आवळलं तेव्हा.

हँडल दोन बोटांनी धरता येतं. वडील काठावर उभे राहून बघत होते. म्हणाले, आता पाण्यात रेघ सरळ पडते.

नाखवा_हर्णै (शनिवार, रात्री ९:००)

वडिलांना माझा नमस्कार सांगा. त्यांनी बघायचं तेच बघितलं.

गॅल्व्हस्टनकर (शनिवार, रात्री ९:२०)

फार आनंद झाला! ५३०० म्हणजे पंखा मशीनला अगदी माफक आहे, बदलू नका. नेहमी चार-पाच माणसं नेणार असाल तरच पिच एक इंच कमी करा, त्याने साधारण १५० ते २०० आरपीएम वाढतात. चार पात्यांचा पंखा वळणात पाणी जास्त घट्ट धरतो, पण सरळ वेग थोडा खातो. तुम्हाला गरज दिसत नाही.

मांडवीपार (शनिवार, रात्री १०:१०)

अभिनंदन. मी उद्या माझी होडी वर काढून कणा बघतो. आणि पायाखालच्या फळीखालची भोकंही.

खारफुटी (रविवार, सकाळी ७:०५)

काल संध्याकाळी तुम्हीच होता का, पांढरी होडी, निळा पट्टा? लांबूनच हळू झालात आणि हात केलात. मी वल्हं उचललं होतं.

वाशिष्ठीकाठ (रविवार, सकाळी ७:३०)

मीच तो. वल्हं दिसलं.

फायबरवाला (रविवार, सकाळी ८:१५)

वाशिष्ठीकाठ, जूनमध्ये होडी वर काढाल तेव्हा मशीन उतरवून ठेवा, आणि मागचा ओंडका मागच्या फळीच्या बरोबर खाली घ्या. नाळ थोडी उंच ठेवा आणि तळाचं बूच काढून ठेवा, म्हणजे पावसाचं पाणी मागून निघून जाईल.